दीक्षावर केलेले भाषण

इंदोरा, नागपूर
गुरुवार, २७ नोव्हेंबर

आदरणीय मीराताईस धाकट्या धम्मानंदचा मनापासून जयभीम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि भाऊजींनी पहाटे कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेत फिरायला जाणे सोडले का, ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत. माझा घसा तर नको इतका बरा आहे, आणि हे पत्र त्याच्याच पराक्रमाबद्दल आहे. (फोन केला नाही, कारण फोनवर तू तिसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर ये गा" म्हणतेस. कागद ऐकून घेतो.)

ताई, तू आणि मी, दोघेही प्राथमिक शाळेचे मास्तर, आणि दोघांच्याही मनात एकच राग आहे. चाळीस मुलांना एकच माप लावायचे, त्यात जे बसत नाही त्याला "कच्चे" म्हणून शेवटच्या बाकावर ढकलायचे, आणि चार वर्षांनी पुढच्या शाळेच्या हवाली करायचे. मुलाला शिकवता आले नाही हा मास्तरचा दोष, पण शेरा मात्र मुलाच्या नावापुढे! हे मी बावीस वर्षे व्यासपीठांवरून सांगत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचा बाक तिथेच राहिला.

यंदा सरकारी हुकमाने आमच्या शाळेत समावेशित शिक्षण आले. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांशेजारी छान उतार बांधला. सध्या त्यावर मुख्याध्यापक गिरिधर सरांची स्कूटर उभी असते (उन्हात सीट तापते म्हणून). वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांसाठी साहित्याची पेटी आली, ती सरांनी कपाटात कुलूपबंद केली, कारण मुलांनी हाताळली तर खराब होईल. आणि महिन्यातून एकदा तासाभरासाठी मयुरा मॅडम येतात. त्या फिरत्या विशेष शिक्षिका आहेत. बावीस शाळा त्यांच्याकडे, म्हणजे शिकवण्यापेक्षा फिरणेच जास्त.

माझ्या तिसरीच्या वर्गात दीक्षा आहे. आठ वर्षांची. गोष्ट एकदा ऐकली की तिसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगते, पण छापलेली अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे जागेवर राहत नाहीत. मोठा आवाज झाला की कान झाकून ती बाकाखाली जाते. माझी पद्धत तुला माहीत आहेच. कोणाला समजले नाही, तर तेच आणखी मोठ्याने सांगायचे. मी धडा वाचू लागलो की दीक्षा बाकाखाली, आणि ती बाकाखाली गेली की तिला ऐकू यावे म्हणून मी आणखी वरच्या पट्टीत. मयुरा मॅडम एवढेच म्हणाल्या, "सर, तिच्याशी हळू बोला." त्यावर वंचितांचा आवाज बुलंद का असला पाहिजे, हे मी त्यांना पंधरा मिनिटे समजावले. त्यांच्याकडे आमच्या शाळेसाठी एकच तास होता.

मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात तीन सभा झाल्या आणि माझा घसा पूर्ण बसला. तीन दिवस तोंडातून नुसती हवा. नाइलाज म्हणून कपाट उघडायला लावले, पेटीतली अक्षरकार्डे काढली, ताटात वाळू पसरली आणि मुकाट्याने शिकवले. पहिल्या दिवशी दीक्षा बाकाखालून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून वाळूत बोटाने "स" गिरवत राहिली, बोट दुखेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिने कार्डावरचा शब्द वाचला, "सडक". मग कार्ड उलटून पाहिले आणि विचारले, "सर, अन् ट्रक कुठी आहे?" ताई, बावीस वर्षांत मी इतके कमी कधी बोललो नव्हतो आणि इतके चांगले कधी शिकवले नव्हते.

इथे थांबलो असतो तर हे पत्र आनंदाचे झाले असते. पण घसा सुटला. पंधरा तारखेला पालकसभा होती आणि मला दहा मिनिटे दिली होती. मी चाळीस घेतली. समतेवर बोलताना मला जिवंत उदाहरण लागले आणि ते समोरच बसले होते. मी दीक्षाला उभे केले, तिच्या आईला, मोनालीला, उभे केले आणि गरजलो की जिला कालपर्यंत एक अक्षर वाचता येत नव्हते ती ही मुलगी. टाळ्या पडल्या. मोनालीने मान वर केली नाही. जी गोष्ट तिने दोन वर्षे शेजारणीला कळू दिली नव्हती, ती मी माईकवरून सगळ्या वस्तीला सांगितली.

त्यानंतरच्या सोमवारपासून दीक्षा शाळेत नाही. काल मी घरी गेलो. मोनालीने पाणी दिले, खुर्ची दिली. मी सुरुवात करणार, तोच शांतपणे म्हणाली, "सर, तुमी लय चांगलं बोलता. पण माह्या पोरीवर नोका बोलू. गल्लीतले पोट्टे तिले भाषणातली पोट्टी म्हणून राहिले." शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तिने आणून ठेवला होता. येत्या सोमवारी देणार आहे. दुसऱ्या शाळेचे नाव विचारले तर ती पाण्याचा पेला उचलू लागली, म्हणजे दुसरी शाळा नाहीच. अर्ज माझ्यापुढे धरून तिने विचारले, सही कुठे करायची ते दाखवा. ती जागा ठळक छापलेली होती, ताई. तेव्हा मला कळले की अक्षरे एकट्या दीक्षाच्याच डोळ्यांपुढून पळत नाहीत. मी सहीची जागा दाखवली नाही. तोंडही उघडले नाही. उठून आलो.

भाऊजींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
धम्मानंद

ता. क. : पालकसभेनंतर मी भाषणे कायमची सोडली आहेत. (शनिवारी कळमेश्वरला एक आहे, पण ते आधीच कबूल केले होते. त्यात उदाहरण म्हणून मी स्वतःला घेणार आहे.)

पुन्हा ता. क. : दारात निरोप देताना मोनाली म्हणाली, "कामठीले चौथीत मीराबाई होत्या. मले वाचता येत नाही हे त्याइले मालूम होतं. पण त्याइनं मले कधी उभं नाही केलं." मधल्या सुटीत तू तिला जवळ बसवून शिकवायचीस म्हणे. एका वर्षात जेवढे झाले तेवढे झाले, पुढे कोणी बसवले नाही. तुला ती आठवत नसेल. तिला तू आठवतेस. रविवारी सकाळी कामठीहून शेअर ऑटोने इंदोऱ्याला ये, मोनालीच्या घरी जा आणि दीक्षाला सोमवारी शाळेत पाठवायला सांग. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. एकटीच जा. मी येणार नाही.