ओ निगेटिव्ह, एक बाटली

३ मार्च
नोकरी लागली! अंधेरीत, चौथ्या मजल्यावर. उपनगरांतल्या रक्तपेढ्यांत कोणत्या गटाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, ते दाखवणारी आमची वेबसाइट. मालक नंदकुमार सर, शेजारच्या टेबलावर श्वेता. ओळखपत्रासाठी रक्तगट विचारला, मी ओ निगेटिव्ह म्हणालो, तर श्वेता म्हणते, अरे, तू तर आमचा चालताबोलता स्टॉक! घाटकोपरला खोलीही मिळाली. नाशिकला आईला फोन करून सगळं दोनदा सांगितलं.

६ मार्च
साइट म्हणजे गोगलगाय. म्हणून साइटच्या पीएचपी कोडमध्ये साधी कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, लिहिली. पान एकदा तयार झालं की फाइलमध्ये ठेवायचं आणि पाच मिनिटं येईल त्याला तेच द्यायचं. दर वेळी डेटाबेसला उठवायचं नाही. आई सकाळच्या पोळ्या डब्यातून काढून वाढते, तसंच. उद्या सरांचं प्रेझेंटेशन आहे, पान अडकायला नको, म्हणून पाच मिनिटांऐवजी अख्खा दिवस केला. झालं की परत बदलायचं. झकास!

९ मार्च
गोवंडीच्या द्रौपदीबाई आल्या होत्या. पानाच्या तळाशी आमचा पत्ता असतो. परवा त्यांच्या मुलाला, मिथुनला रक्त हवं होतं. पानावर मुलुंडला ओ निगेटिव्हची एक बाटली दिसली, म्हणून त्या तिकडे धावल्या. ती सकाळीच संपली होती. मिथुन गेला. मांडीवरची निळी पिशवी चाचपत त्या एवढंच विचारत राहिल्या, नव्हती तर दाखवली कशाला?

त्या दुपारी जोगेश्वरीत एक बाटली आली होती. माझ्या पानावर ती नव्हती. तो अख्खा दिवस मी बदललाच नव्हता.

सरांनी विचारलं तर म्हणालो, पेढीनेच आकडा उशिरा दिला. चक्क खोटं. मग गुपचूप पाच मिनिटं केली, फाइल पुसली. जेवण गेलं नाही.

११ मार्च
श्वेताच्या स्क्रीनवर मुलुंड शून्य. माझ्या स्क्रीनवर अजूनही एक बाटली.

द्रौपदीबाई परत आल्या. तीच निळी पिशवी. पहिल्यांदाच येत असल्यासारखं म्हणाल्या, भाऊ, बाटली दाखवतायत, कुठनं घेऊ? मिथुन थांबलाय.

श्वेताने विचारलं, कोणाशी बोलतोयस रे?

१२ मार्च
द्रौपदीबाईंनी नऊ तारखेला दिलेल्या नंबरवर फोन लावला. त्या गावी आहेत, जालन्याला. फोनवर रडत होत्या — आणि समोरच्या खुर्चीतही त्याच. चूक माझी, एवढं सांगायला तोंड उघडेना. फोन ठेवला. मग खुर्चीतल्या बाईंना सांगितलं. त्या ऐकतच नाहीत. मिथुन थांबलाय, भाऊ.

१४ मार्च
पान बदललं. मुलुंड गेलं. ओ निगेटिव्ह, एक बाटली — अंधेरी. आमचा मजला.
पळत सुटलो —

१५ मार्च
कामावर गेलो नाही. मोबाइलवर तेच पान. घाटकोपर. माझी गल्ली, माझी खोली —

बेल वाजतेय. दाराच्या भिंगातून निळी पिशवी —

फोनवर सांगायला हवं होतं. निदान तेवढं —

थांबा, मावशी. या वेळी पान खरं आहे. बाटली आहे. दार उघडतो —