आम्ही म्हणजे कोण

आई, ती मुलगी पुन्हा ‘वी’ म्हणाली आणि मी पेन खाली ठेवलं. ‘वी कलेक्टेड देम. वी वेड देम. देन वी वेंट टु द म्युनिसिपालिटी.’ दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये, माझ्या ऑफिसखाली एक कॅफे आहे, तिथे बसलो होतो. तिनं कॉफीला हात लावला नव्हता. काचेपलीकडे तिचे वडील गाडीला टेकून उभे होते. आत या म्हटलं तर म्हणाले, ‘नको मॅडम, मी असलो की ती बोलत नाही.’

तुला हे काम माहीत नाही. मी ज्या अमेरिकन कॉलेजात शिकले, ते दर हिवाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांना विचारतं, तुमच्या भागातून अर्ज केलेल्या एखाद्या मुलाशी बोलाल का. बोलायचं, आणि मूल कसं वाटलं ते लिहून पाठवायचं. निवड तिकडे होते. अर्ज ढीगभर, जागा मूठभर. आम्हाला एकच गोष्ट बजावलेली असते: त्या मुलानं स्वतः काय केलं ते शोधा. शाळेनं केलेलं नको, आईवडिलांनी करून दिलेलं नको. या मुलीला शाळेनं सांगितलं होतं की बाकी सगळं उत्तम आहे, फक्त ही मुलाखत नीट दे. तिला समुद्राचं शास्त्र शिकायचं आहे आणि ते तिकडेच शिकायचं आहे. दुसरीकडे तिनं अर्जच केलेला नाही.

ती फुजैराला राहते. वडील तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला. बाहेर समुद्रात जहाजं तेल भरायला रांगेत उभी असतात आणि किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटतात. ते गोळे गोळा करून, वजन करून, वारा कुठून होता ते पाहून तिनं एक नकाशा केला होता आणि तो घेऊन म्युनिसिपालिटीत गेली होती. काम चांगलं होतं. पण प्रत्येक वाक्यात ‘वी’. मी विचारलं, तुमचा ग्रुप किती जणांचा? ती गोंधळली. ‘नो ग्रुप, आंटी.’ मग कोण? ‘वी... आय मीन, वी.’

मुलाखत इंग्रजीत घ्यायची असते. मी मराठीत विचारलं, ‘आम्ही म्हणजे कोण गं?’

ती लाजली. मग मराठीत, एकदम कोल्हापूरकडच्या हेलात म्हणाली, ‘आम्हीच की. दुसरं कोण येतंय तिथं उन्हात?’

मला हसू आलं, आणि लगेच आपलं शारजाचं स्वयंपाकघर दिसलं. दिवाळीच्या आधीचे दिवस आहेत. ओट्यावर, जमिनीवर, वॉशिंग मशीनवर वर्तमानपत्रं पसरली आहेत आणि त्यांवर चकल्या. दुबईहून बायका ऑर्डर न्यायला येतात. एक विचारते, ‘एवढं सगळं कोणी केलं हो?’ आणि तू पदराला हात पुसत म्हणतेस, ‘आम्ही केलं.’ मी लहान आहे. ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बघते, बाकीचे कुठे आहेत.

मी वक्तृत्वात पहिली आले तेव्हा दारातूनच ओरडत आले होते. तू पोळी लाटता लाटता माझी नक्कल केलीस. ‘मी पहिली आले, मी कप आणला, मी, मी. बोकड आहेस का? बाईंनी शिकवलं, बाबांनी ट्रॅफिकमधून नेलं-आणलं, घसा देवानं दिला. तुझं काय त्यात?’ मी रडवेली झाले. मग तू गरम पोळीवर तूप-साखर घालून गुंडाळून हातात दिलीस आणि म्हणालीस, ‘आम्हाला आनंद झाला.’ घरात तेव्हा आपण दोघीच होतो.

डॉक्टरांची गोष्ट तू किती रंगवून सांगायचीस. क्लिनिकमध्ये तू एकटी गेली होतीस. डॉक्टर केरळचे, त्यांचं हिंदी तुझ्यापेक्षा कच्चं. तू म्हणालीस, ‘हमको पेट में दुखता है, डॉक्टरसाब.’ त्यांनी विचारलं, ‘सबको? बाहर खाया?’ तू म्हणालीस, ‘बाहर का नहीं, हम घर का ही खाता है.’ झालं. त्यांनी घरातल्या सगळ्यांसाठी पुड्या दिल्या, पाणी उकळून प्या म्हणाले. रात्री जेवताना तू एकेक पुडी आमच्या ताटाशी ठेवलीस. ‘घ्या, आपल्या सगळ्यांचं पोट दुखतंय म्हणे.’ बाबांनी खरंच पुडी पाण्यात ढवळून पिऊन टाकली. ‘खलास, मी बरा झालो.’ आम्ही हसून हसून लोळलो. पुढे ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली गेली, आणि तुझं पोट दुखत राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तुला टेबलावर झोपवून तपासलं, तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी जे ऐकलं तेच धरलं. तू गेल्यानंतर मी ‘आय’ म्हणायला शिकले. तिकडे जायचं तर ते यावंच लागतं, आणि मला ते लवकर आलं.

मी त्या मुलीला म्हटलं, ‘आता इंग्रजीत सांग. आणि ‘आय’ म्हण.’ तिनं प्रयत्न केला. ‘आय वेंट टु द म्युनिसिपालिटी.’ थांबली. ‘असं एकटीनंच केल्यासारखं वाटतं, आंटी.’

‘एकटीनंच केलंस ना?’

‘हो. पण बाबा गाडी घेऊन बसायचे ना बाहेर.’

बाहेर आलो तर तिचे वडील पुढे झाले. ‘काही चुकलं का हिचं, मॅडम? मी सांगितलंय, शहाणपणा दाखवू नकोस, पुढं पुढं करू नकोस.’ मी म्हटलं, छान बोलली. ते म्हणाले, ‘इन्शाल्ला. यल्ला, चल बेटा, जॅम लागेल.’ त्यांची गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभी होते.

अहवाल मी दोनदा लिहिला. तिनं जे काही केलं ते ‘तिनं’ असंच लिहिलं, आणि शेवटी एक ओळ घातली: ही मुलगी जिथे ‘आम्ही’ म्हणाली, तिथे ती एकटी होती. तिकडच्या माणसाला ही ओळ कशी दिसली असेल, मला माहीत नाही. कदाचित मी तिची वकिली करते आहे असं वाटलं असेल. कदाचित वाचलीही नसेल.

निकाल उद्या पहाटे लागतो. आठवडाभर माझं ऑफिसात लक्ष नाही. घरी मुलगा विचारतो, ‘ममा, व्हाय आर यू सो टेन्स? शी इज नॉट इव्हन अवर रिलेटिव्ह.’ त्याला काही सांगितलं नाही. तुला सांगते. ती हुशार आहे, तिला मिळायला हवं, हे सगळं खरं. पण मी वाट बघते आहे ती तिच्यासाठी नाही. तू जे म्हणायचीस ते कुठेतरी, कोणालातरी, एकदा बरोबर कळावं म्हणून बघते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तिचा मेसेज होता. ‘नाही झालं, आंटी. आज केमिस्ट्रीचा पेपर आहे, निघतेय.’ का नाही झालं ते कॉलेज कोणालाच कळवत नाही, मलाही नाही. मी तिला ‘ऑल द बेस्ट’ लिहिलं आणि मुलाचा डबा भरायला घेतला.