कोरडे त्रिकोण, ओले त्रिकोण

१४ जुलै, सोम.
सूनबाई मृणालचं तोंड उतरलेलं. प्रबंधासाठी गोदावरीचा पूर कॉम्प्युटरवर मोजतेय: कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरेल. शहराच्या नकाशाचे त्रिकोण केले, त्यांचे सोळा सारखे भाग, सोळा प्रोसेसरांना. तरी गाडी रांगते. शुक्रवारी अकराला सरांना दाखवायचंय. नाहीतर सर म्हणालेत, पूर सोडा, एक पूल मोजा.
"सोळा जण कामाला, मग अडतं कुठे?"
"अप्पा, हिशोबाच्या प्रत्येक पावलाला सगळे एकमेकांसाठी थांबतात."
कळलं! चौथीत गुरुजी बाकागणिक एकेक कडवं पाटीवर उतरवायला द्यायचे. सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची कविता नाही. आमचं बाक सगळ्यांत शेवटी संपायचं, मी ओळीत हरवलेला...

१५ जुलै, मंगळ.
पडद्यावर सोळा रंग, प्रोसेसरागणिक एक. नदी मात्र तिघांच्याच वाट्याला! बाकीचे टेकाडावर, कोरडे. कोरड्यात मोजायला काय असतं? तिघे राबतायत, तेरा बसून.
मोसम नदीकाठचं आमचं गाव आठवलं. शिवाराचे चार फड, प्रत्येक फडात प्रत्येक घराची पट्टी. पाणी कुठल्याही फडात सोडा, एकही घर कोरडं नाही. म्हटलं, "पट्ट्या पाड! सगळ्यांना थोडी नदी, थोडं टेकाड."
ही स्वयंपाकघरातून, "पाटबंधारे खात्यात असताना पाण्याची एक पाळी वेळेवर सोडली नाही. आता कॉम्प्युटरला पाणी देतायत!"

१६ जुलै, बुध.
फसलं. चूक माझी. हौसेनं दोनशे पट्ट्या पाडायला लावल्या. पट्ट्यांमधले बांध बेसुमार वाढले, नि प्रत्येक बांधावर शेजारच्या प्रोसेसरला पाण्याची पातळी विचारायची.
"अप्पा, काम थोडं नि गप्पा फार. तुमचा सकाळचा कट्टा झालाय!"
जेवण गेलं नाही. वडील म्हणायचे, बांध वाढवाल तर भांडणं पिकतील. फड चारच होते, चाळीस नव्हते. हे कसं विसरलो?

१७ जुलै, गुरु.
सोळाच पट्ट्या, नदीला आडव्या, रुंद. वाटणी करताना ओल्या त्रिकोणाला जास्त वजन द्यायचं, ही मृणालची अक्कल. दुपारी ओरडलीच, "अप्पा, पळतंय!" मी अंगणात चौथीतली कविता चालीवर म्हणत फिरलो. हिनं दार लावून घेतलं.
संध्याकाळी पुन्हा मंद. पूर पसरला, कोरडे ओले झाले, वजनं बदलली. वाटणी पुन्हा करावी लागली. हेही फडासारखंच, तिथेही पाण्याची वाटणी दरसाल नव्यानं.

१८ जुलै, शुक्र. सकाळी साडेनऊ
मृणाल कॉलेजात गेली. सहापैकी पाच तासांचा पूर मोजून झालाय. मला पडद्यासमोर बसवलंय: "थांबलं तर लगेच फोन करा."
चालू आहे. आपल्या घराचा त्रिकोण अजून कोरडा. शेजारचा आत्ताच निळा झाला.