अर्ध्या वाटेवरचं घर

लेमुई बेट, ऑक्टोबर

प्रिय यास्ना,

घर हललं, पण पोचलं नाही. बेलार्मिनोच्या बटाट्याच्या वावरात तिरकं उभं आहे आणि मी त्यातच बसून लिहिते आहे. चूल पेटते. टेबलावर काही ठेवलं की मात्र घरंगळतं.

बाबा गेल्यावर तूच म्हणालीस, आई, किनाऱ्यावर एकटी राहू नकोस, घर रस्त्याकडे ने. म्हणून अख्खं लाकडी घर ओढायला गाव बोलावलं. बैलजोड्या आल्या, घराखाली वासे सरकवले, सफरचंदाच्या दारूची, चिचेची, पिंपं भरून ठेवली. मजुरी इथे कोण मागतं! आणि बैलांनी एकदा ओढ घेतली की मध्ये थांबायचं नसतं, हे तुला सांगायला नको. थांबलेलं घर रुततं.

मी पुढे चालत दगड उचलत होते. वावराच्या कडेचा तो शेवाळलेला ओंडका आठवतो ना? बैलाच्या खुराने त्याची साल उचकटली आणि खालून पादऱ्या किडा निघाला. हिरवा, आपल्याकडचे सगळे असतात तसाच. बेलार्मिनो ओरडला, “चिरडा मेल्याला, नाहीतर घाण सोडेल!” मी हात वर केला. बैल थांबले. गाव थांबलं.

“एदेलमिराबाई, घर न्यायचंय का किडे वेचायचेत?” बेलार्मिनोने विचारलं.

“दोन्ही,” मी म्हटलं. “तू चिचा पी.”

“लेक किडेवाली होतीच, आता आईपण!” मागून कुणीतरी हसलं. ते ऐकून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तू शिकवलंस तसंच पाहिलं. रंगाला भुलायचं नाही. एका रानात राहिले की वेगळ्या जातींचे किडेही एकाच रंगाचे दिसतात. तुझं जुनं भिंग गळ्यात होतंच. आधी पुढचे पाय. पंजे रुंद, म्हणजे नर. मग मिशा. मधल्या पेरांना खालून कड, आणि ती नेहमीच्या पादऱ्यापेक्षा एका जास्त पेरावर. पाठीवरच्या रेघा सलग नाहीत, साखळीसारख्या तुटक. मानेवरची ढाल अरुंद. त्याने तोंडावर पिचकारी मारली, डोळे चुरचुरले. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. बेलार्मिनोच्याही हातात भिंग दिलं. तो बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, “मिशी आहे खरी मेल्याला.”

तू प्रबंधात लिहिणार आहेस, की पादऱ्याची ती दुसरी, अशा मिशांची नि तुटक रेघांची जात आपल्या बेटावर आता उरली नाही. ते पान अजून देऊ नकोस. किडा माते चहाच्या रिकाम्या डब्यात, ओल्या शेवाळावर जिवंत आहे. घराची वाट नेमकी त्या ओंडक्यावरून जाते. तुझी खात्री पटली तर घर वळसा घालून नेऊ. बैलवाल्यांचा शब्द घेतला आहे. बेलार्मिनोला बटाटे लावायचे आहेत, तो कुरकुरतो. मी त्याला सांगितलं, माझी लेक पाहिल्याशिवाय काही ठरवत नाही. तेव्हा मिळेल त्या बोटीने ये. मी ओळखला आहे त्याला. नाव मात्र तू येऊन घ्यायचं.

तुझीच,
आई