दुखतं ते ठिकाण

१९ जाने.
सुमीची शॉकवेव्ह उपचाराची दुसरी बैठक. भाची फोपनार गावचं घर सोडून माझ्याकडे राहते ती भालाफेकीसाठी, आणि फेकताना डावा पाय टेकला की कंबरेत कळ. मणके, नसा ठीक. तीन महिने व्यायाम करूनही दुखणं जाईना, म्हणून हे. मी विचारलं, "वीज लावता?" फिजिओ मॅडम हसल्या. "करंट नहीं है सर. दाबाचे ठोके समजा."
कंबरेवर यंत्राचं टोक फिरवत त्या विचारत होत्या, "इथे? की इथे?" सुमीचं एकच, "ठीक आहे." परतताना रिक्षात तिला शाबासकी दिली. एकदाही कण्हली नाही म्हणून.

२६ जाने.
शाहपूरच्या शाळेत माझं भाषण. "या मुलीच्या तोंडून 'आई गं' कुणी ऐकलं आहे?" टाळ्या. सुमी मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

२७ जाने.
तिसरी बैठक. फरक शून्य. मॅडम चिडल्या. "बेटा, दुखतं तिथे तू बोललीस तरच मला जागा सापडते. तू 'ठीक' म्हणतेस, मी भलतीकडेच मारत बसते."
"मामा म्हणतात, खेळाडूने दुखणं बोलायचं नाही."
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

२८ जाने.
एवढं वाचलं, एवढ्या सभा गाजवल्या. 'दुखतं' म्हणणारा एकही शूर कधी भाषणात आणला नाही.
सकाळी म्हटलं, "सुमे, मी चुकलो."
"झालं! आता यावर भाषण?" मग पोहे चिवडत, "सांगितलं दिवाळीला. दुखत होतं गणपतीपासून."
त्या दोन महिन्यांत रोज पन्नास फेकी. मोजणारा मी.

३ फेब्रु.
चौथी बैठक. मी बाहेर बाकावर, मॅडमचा हुकूम. आत ठकठक. मग सुमी, "इथे... नाही, खाली. हां, इथे. खूप." आणि हुंदका. दारापर्यंत गेलो, परत बसलो.
मॅडम म्हणाल्या, "जागा मिळाली. गुण येतो का, ते काही आठवड्यांनी कळेल. तोवर भाला बंद ठेवला तर बरं."
निवड चाचणी पंधरा दिवसांवर.
जिन्यात सुमीने विचारलं, "जाऊ ना मामा चाचणीला?"
उत्तर ओठांवर होतं. सहा वर्षं तिला पढवलेलं. गिळलं. "तू सांग."
ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. खाली पोचल्यावर म्हणाली, "दुखतंय. आणि जायचंय."