डाव्या बुटाचा दोष

३ डिसेंबर
वीस तारखेला स्कीशिक्षकांची फेरतपासणी. उतारावर एकाच स्कीवर, दहा मोजेपर्यंत तोल सांभाळायचा. जमलं तर लाल जॅकेट आणि वरचे उतार. नाही तर तळाशी, लहान मुलांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून पडलेल्यांना उचलायचं. एकतीस वर्षं शिकवतोय मी! आज सरावात चार मोजताच पडलो. दोष डाव्या बुटाचा. सिद्ध करून दाखवीन.

५ डिसेंबर, सकाळी
व्हिन्सेंत्सच्या दुकानात. बूट बसवून देण्यात खोऱ्यात त्याचा हात धरणारा नाही, पण माणूस तिरका. म्हणाला, "आधी बूट काढ, अनवाणी एका पायावर उभा राहा." मी म्हटलं, तक्रार बुटाची आणि चौकशी पायाची? हा कुठला न्याय? साम्राज्यं कोसळली ती सैनिकांमुळे नव्हे, चुकीच्या पायाभरणीमुळे, यावर पंधरा मिनिटं बोललो. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. शेवटी त्याने मुकाट्याने बुटाच्या तळाला पातळ पाचर लावली.

७ डिसेंबर
पाचला पडलो. प्रगती.

१० डिसेंबर
पाचर अपुरी. टाचेखाली आणखी दोन घातल्या. बुटाला स्कीशी जखडणारं बाइंडिंग स्वतःच एक सेंटिमीटर पुढे घेतलं. ड्रिलचा भुसा बायकोच्या डम्पलिंगच्या पिठात उडाला. नोटबुर्गा म्हणाली, "हे तूच खायचंस." खाल्लं.

११ डिसेंबर
तीनला पडलो. उद्यापासून रोज दहा मिनिटं व्यायाम.

१२ डिसेंबर
थंडी फार. शिवाय व्यायाम करणं म्हणजे बुटाला निर्दोष सोडणं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ डिसेंबर
व्हिन्सेंत्सने बूट उलटा करून पाहिला. "लिओनहार्ड, ही बिअरच्या ग्लासाखालची चकती इथे कोणी घातली?" मी म्हटलं, मिलिमीटरभर कमी पडत होतं. मग त्याचं पुन्हा तेच, अनवाणी उभा राहा. म्हटलं, परीक्षेनंतर. दमलोय.

२० डिसेंबर
दोनला पडलो.
गेबहार्ड, आता आमच्या स्कीशाळेचा प्रमुख, सहा वर्षांचा असताना त्याला मीच उभं राहायला शिकवलं. हजार मीटर उंचीच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्री आला तरी. त्याने हात देऊन मला उठवलं, पाठीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाला, "सावकाश. तुम्ही बसा जरा."
दोन हजार मीटरवर 'तुम्ही'. मी बाइंडिंगचं सांगायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. पूर्वी मधेच तोडायचा.
सोमवारी नऊला सरकत्या पट्ट्यापाशी हजर व्हायचं.

२१ डिसेंबर
व्हिन्सेंत्सने काल सगळं मूळ जागी आणून दिलं. पाचरी एका पाकिटात घालून परत केल्या. पैसे घेतले नाहीत, हे जास्त लागलं.
सकाळी उभ्याने पँट घालायला गेलो आणि एक पाय आत असताना खोली तापवणाऱ्या भट्टीवर आदळलो. नोटबुर्गा धावत आली. म्हणाली, "अरे, तीन वर्षं बाकावर बसून पँट घालतोस. आज काय अंगात आलं?"
तीन वर्षं. मला पत्ताच नाही.
तिने कॉफी आणली. बाकावर बसवलं. "इथे कसं छान बसता येतं," म्हणाली. कॉफी संपेपर्यंत बसलो.
मग लक्षात आलं. बाक डावीकडे कलतो. अगदी थोडा, पण कलतो.
पाचरींचं पाकीट खिशातच आहे.