निळी थाळी डावीकडे का वळते

दिघाशी, ता. भिवंडी
दि. २१ जानेवारी २००७

चि. प्रितेश यास,

केसरीनाथकाकाचा आशीर्वाद. तुझ्या हौसाकाकूचाही, आणि गोदूआत्याचा दुप्पट (तिने सांगितलं तसंच लिहितोय, पुढे हिशेब तुमचा तुम्ही बघा). तब्येत कशी आहे? तिकडे बर्फ पडतो म्हणे, कानाला बांधत जा. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. कामतघरला सत्तावीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त करण्यात गेली, त्या खडखडाटात कान गेले ते गेले. फोनवर तू पंधरा मिनिटं बोलतोस, त्यातलं मला सुरुवातीचं ‘हॅलो’ आणि शेवटचं ‘ठेवतो’ एवढंच समजतं. मधल्या सगळ्याला मी ‘बरं बरं’ म्हणतो. त्या ‘बरं बरं’ला तू होकार समजू नयेस, म्हणून हे पत्र.

पार्सल पोचलं. आत तीन थाळ्या आणि एक कागद. तुझी चिठ्ठी काकूने माझ्या कानाशी ओरडून वाचली (त्यामुळे ती सगळ्या आळीने ऐकली). काका रिटायर झाले, शेतीची दगदग आता पुरे, दिघाशीचं शेत गोडाऊनवाल्याला देऊन टाकू, माझी सही केली आहे, खाली काकांची सही आणि आत्याचा अंगठा घेऊन कागद परत पाठवा, असं तू लिहिलंस. वर, घरी बसून काका कंटाळतील म्हणून या थाळ्या. तिकडे माणसं त्या लांबून खांबावरच्या, लोंबत्या साखळ्यांच्या टोपलीत फेकायचा खेळ खेळतात. तिन्हींचं प्लास्टिक, पकड आणि उडणं कसं वाटतं ते नीट कळवा. आता एवढ्या मायेने विचारलंस तर थाळ्यांचं सविस्तर लिहायला नको का? कागदाचं शेवटी बघू.

पहिल्या चार दिवसांची फजिती आधी सांगतो. थाळ्यांच्या पोटाला आकडे होते. लालवर १७५, पिवळीवर १६८, निळीवर १५०. लडकू म्हणाला, साधं आहे, जी थाळी जितके फूट जाते तितका आकडा. (लडकू तुला आठवत असेल. माझ्याबरोबर लूमवर होता. आपल्या शेताच्या डाव्या अंगाचं शेत त्याचं. गेल्या वर्षी दिलं, तिथे आता पत्र्याचं गोडाऊन आहे. तेव्हापासून तो सकाळी चहा पिऊन सरळ आपल्या शेतात येतो. करणार काय बिचारा!) तर आम्ही पावलांनी एकशे पंच्याहत्तर फूट मोजले, खांब रोवला, त्या साखळ्यांच्या टोपलीऐवजी खांबाला आपला वेताचा मोठा हारा बांधला आणि लाल थाळी फेकायला लागलो. ती अर्ध्यात बसायची. चार दिवस आम्ही दोघे एकमेकांचं वय काढत होतो. लडकूने तर दंडाला मालिश चालू केलं. पाचव्या दिवशी आत्याने तिन्ही थाळ्या आपल्या भाजीच्या तराजूत टाकल्या आणि म्हणाली, “मेल्यांनो, हे वजन हाय! फूट न्हाय!” लडकू दोन दिवस तिच्यासमोर आला नाही.

आता प्लास्टिक. लाल थाळी मऊ, तिला चमक नाही, हाताला स्लीपरच्या रबरासारखी लागते. काठ जाड, पोट खोल. त्या खोल पोटामुळेच काकूने ती भाताच्या टोपावर झाकण म्हणून ठेवली. वाफेने एका बाजूला जराशी वाकली आहे, पण मी म्हणेन की तेव्हापासून ती जास्त सरळ जाते (काकूचं म्हणणं की याबद्दल अमेरिकेने तिचे आभार मानावेत). निळी एकदम कडक, काचेसारखी, आरपार दिसते. दगडावर आपटली तरी ओरखडा नाही. लालच्या कडेला मात्र भाताच्या धसकटांनी आठवड्यात दात पाडले. पिवळी दोघींच्या मधली. तिच्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षही नाही.

पकडीची परीक्षा मी लूमवाल्याच्या पद्धतीने घेतली. कोरडा हात, ओला हात आणि तेलाचा हात. लाल तिन्ही हातांत बसते. पिवळी ओल्या हातापर्यंत ठीक. निळी कोरड्या हाताची राणी आहे, पण लडकूने तेलाच्या हाताने फेकली तेव्हा ती पुढे न जाता मागे सटकली आणि काकूने बांधावर आणून ठेवलेल्या कालवणात पडली. जेवण बोंबलाचं होतं. थाळी धुतली, पण लडकूला अजून कोणी वाढत नाही.

आणि उडणं! अरे प्रितेश, हे तुला फोनवर सांगता आलं असतं तर मी कान उसने आणले असते. लाल थाळी गरीब, जवळच जाते, पण हाऱ्याच्या तोंडाशी अलगद बसते. पिवळी सरळ, ओळंब्यात. निळी सुटली की अंगावर काटा येतो. नांगराच्या मुठीच्या उंचीवरून निघते, वर चढते, मधे क्षणभर थांबल्यासारखी वाटते, आणि दम संपला की हमखास डावीकडे वळते. हमखास! मी मनगट वाकवून बघितलं, पाय बदलून बघितले, शिव्या घालून बघितलं. डावीकडे म्हणजे लडकूच्या जुन्या शेतातल्या गोडाऊनचा पत्रा. धडाम् आवाज झाला की वॉचमन बाहेर येतो. पहिल्या दिवशी तो काठी घेऊन आला होता. आता शिडी पत्र्याला लावूनच ठेवतो आणि “चाचा, आपकी थाली फिर आ गयी” म्हणत हसत खाली देतो. लडकू मात्र त्या पत्र्याकडे बघत नाही. एकदा थाळी वर अडकली तेव्हा एवढंच म्हणाला की, पूर्वी इथे पडली असती तर माझ्याच शेतात पडली असती रे. मी त्याला लगेच फेकायला पिवळी दिली.

आता आत्याचं. तिने उजव्या बांधाला वाल लावलेत. एक दिवस मी निळी मुद्दाम उजवीकडे तिरकी मारली, ती पहिल्यांदाच वळायची विसरली आणि थेट वालात. आत्या शेंगा तोडत होती. काय बोलली ते लिहीत नाही, पत्र पोस्टातून जातं. पण बोलता बोलता तिने थाळी उचलली, तव्यावर भाकरी टाकताना मनगटाला देते तसा झटका दिला आणि सोडली. प्रितेश, ती थाळी आमच्या डोक्यावरून, हाऱ्यावरून, त्या १७५ फुटांच्या पुढे जाऊन पडली! वळली, पण मानाने, थोडीशी. साठीची बाई, कंबरेला शेंगांची ओटी. आम्ही दोघे तोंड उघडं टाकून उभे. तेव्हापासून ती आम्हाला शिकवते. लडकू म्हणतो, तिच्या हाताला पन्नास वर्षांचा भाकऱ्यांचा सराव आहे, आपण फक्त खाल्ल्या.

असो. मी मजेत आहे. वजन उतरलं, झोप येते, कोणाशी भांडण नाही (आत्या सोडून). तू स्वतःला जप.

तुझा,
केसरीनाथकाका

ता. क. कागदाचं राहिलं. तो सोबत परत पाठवला आहे. सही केलेली नाही. त्याची मागची बाजू कोरी आणि कागद चांगला जाड होता, म्हणून त्यावर आपल्या शेताचा नकाशा काढून तिन्ही थाळ्यांचे रस्ते त्या त्या रंगात दाखवले आहेत. डावीकडे चौकोन आहे ते गोडाऊन. समोर चौकोन आहे तेही गोडाऊन. मधली मोकळी जागा आपली. आता तूच सांग, मोकळ्या जागेचा चौकोन केला तर निळी थाळी मी कुठे फेकू? घरात?

ता. क. दुसरा. आत्याने अंगठा दिला आहे. नकाशात आंब्याच्या झाडाखाली बघ. हारा तिथे हलवायचा असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. तिसरा. तू म्हणशील काका अडून बसला. तसं नाही. सुट्टी काढ आणि ये, सहा वर्षं झाली तुला येऊन. आंब्याखाली उभा राहा आणि आत्याच्या आणि माझ्या, दोघांच्या पुढे एक थाळी टाकून दाखव. टाकलीस तर त्याच ठिकाणी सही करतो, मागे वळून बघणार नाही. (आत्या रोज सकाळी सराव करते.)

ता. क. चौथा. हे तुला कळवायचं नाही असं आत्याने बजावलं आहे, म्हणून सगळ्यांत खाली लिहितोय. काल ती म्हणाली, “पोरगा खरंच येत असंल तर मी डावीकडं मारीन, पत्र्यावर. जिंकू दे त्याला. येऊ दे म्हंजे झालं.” मी मात्र मुद्दाम हरणार नाही. तिकीट काढलंस की तारीख कळव, हौसाकाकू बोंबील आणून ठेवेल.